पिण्याच्या पाण्यात पाय

समोरच्या बिल्डिंगच्या गच्चीवरची टाकी भरून वाहायला लागली की मला घरात बसवत नाही. धार भिंतीवरून ओघळत पार्किंगमध्ये येते, तिथल्या गाड्या फुकटात धुऊन निघतात आणि पाणी गटाराला लागतं. मोटर बंद करायची कुणालाच घाई नसते. मी खिडकीतून ओरडते, "अहो, टाकी भरली!" एकदा तर कणकेच्या हातानं जिना उतरून त्यांच्या वॉचमनला उठवून आले होते. तेव्हापासून त्या बिल्डिंगमध्ये मला 'टाकीवाल्या बाई' म्हणतात, ही बातमी भाजीवालीनं मला पोचवली. म्हणेनात का. सांगलीसारख्या नदीकाठच्या गावात वीस वर्षं राहूनही माझी ही खोड गेली नाही, आता काय जायची.

मे महिन्यात ती जरा जास्तच उफाळते. मी शाळेत शिकवते, त्यामुळे मुलांबरोबर मलाही उन्हाळ्याची सुट्टी लागते, आणि सुट्टीत माणसाला नको तितका वेळ मिळतो. निकालपत्रकांवर सह्या झाल्या, कपाटाला कुलूप लागलं, की संध्याकाळी मी घाटावर जाऊन बसते. नदी खाली गेलेली असते. पेठेकडून वारा आला तर हळदीचा वास येतो. पोरं पाण्यात डुंबत असतात आणि त्यांच्या आया पायरीवरून "आता बास, निघा बाहेर" असं दहा वेळा ओरडत असतात. दहाव्या वेळेला सुद्धा कुणी निघत नाही.

यंदा तशीच बसले होते, तेव्हा आईचा फोन आला. आई गावी असते, आटपाडीच्या अलीकडे.

"शोभे, तळ्यात पाणी आलंय."

"कवा?" मी विचारलं. आईशी बोलताना माझी भाषा आपली आपण गावाला जाते.

"चार दिस झालं. काठोकाठ भरलंय. सुट्टी लागली न्हवं तुला? मग ये. आन् येताना सुती दोरी आण. हितं नायलॉनची मिळती, ती काचती."

पुढचं तिनं काही सांगितलं नाही, पण मला कळलं. आईला पोहायचं होतं. साठी उलटलेली, गुडघे धरलेली, दोन पायऱ्या चढताना चार वेळा देवाचं नाव घेणारी माझी आई तीस वर्षांनी पुन्हा पाण्यात उतरायचं म्हणत होती. दुसऱ्या दिवशी पेठेत जाऊन मी दोरी घेतली. दुकानदारानं विचारलं, कशाला पाहिजे? मी म्हटलं, आईला बांधायची आहे. तो माझ्याकडे बघतच राहिला.

तळ्यात आलेलं हे पाणी कृष्णेचंच. कराडच्या खाली नदी अडवून, मोठाल्या पंपांनी एकेक टेकडी चढवत ते आमच्या दुष्काळी भागात आणलंय. आमच्या गावाचा नंबर यंदा लागला. म्हणजे ज्या पाण्यात मी पोहायला शिकले तेच पाणी आता माझ्या आईच्या दारात आलं होतं, आणि दोरी पिशवीत घालताना मला सारखा तो एक उन्हाळा आठवत होता.

आमच्या गावाला नदी नव्हती असं नाही. ओढ्यालाच नदी म्हणायची रीत होती. वर्षातले आठ दिवस तिच्यात पाणी असायचं आणि बाकीचे दिवस आमची मेंढरं. उन्हाळ्यात टँकर यायचा, तो गावच्या विहिरीत पाणी सोडायचा आणि बायका काठावरून शेंदायच्या. घरात पाण्याचे नियम देवाधर्मापेक्षा कडक. भाजी धुतलेलं पाणी कोंबड्यांना. अंघोळ परातीत उभं राहून, एका तांब्यात, आणि परातीत साठलेलं पाणी परड्यातल्या झाडाला. पाहुण्यानं अर्धा पेला पाणी तसंच ठेवलं तर तो पाहुणा आमच्या मनातून उतरायचा. आणि सगळ्यात वरचा नियम म्हणजे पिण्याच्या पाण्याला पाय लावायचा नाही. एकदा शेंदताना माझा पाय घसरला आणि विहिरीच्या पायरीवरच्या पाण्यात घोट्यापर्यंत गेला. शेजारच्या म्हातारीनं चारचौघीत माझा उद्धार केला आणि घरी आईनं पाठीत असा धपाटा घातला की पाणी प्यायला मागायचीही मला दोन दिवस लाज वाटली.

चुलीच्या वर, आढ्याला एक काळाकुट्ट भोपळा टांगलेला असे. वाळवून, पोखरून, वरचं तोंड कापलेला. हुलग्याचं आणि मटकीचं बियाणं राखेत घोळून आई त्यात ठेवायची, धुरानं त्याला कीड लागत नाही म्हणून. त्याच्या पोटाला आडवी खाच पडलेली होती, दोरी घासून घासून पडते तशी. ती टांगायच्या दोरीची असेल असं मी धरून चालले होते. त्या भोपळ्याला आई कुणालाही हात लावू द्यायची नाही.

सातवीची परीक्षा झाली त्या वर्षी आई म्हणाली, सुट्टीला मावशीकडे जा. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण हौसा. दोघींचं माहेर कराडचं, आणि मावशीला तर दिलं होतं माहेरापासून दोन गल्ल्या सोडून, कृष्णेच्या घाटाजवळ. कोकरं सांभाळायला माणूस लागतं म्हणून मी तोवर कधी सुट्टीला कुठे गेले नव्हते. त्या वर्षी दादा, म्हणजे माझे वडील, मेंढरं घेऊन लवकरच उसाच्या पट्ट्यात उतरले होते, घरी दोन शेरडं तेवढी उरली होती. आईनं मला एसटीनं नेलं. विट्याच्या पुढे हळूहळू रान हिरवं व्हायला लागलं आणि मी खिडकीच्या गजाला नाक लावून बसले. कराडला पोचून आई मावशीकडे एक कप चहा प्यायली आणि त्याच पावली उलटी फिरली, कारण दुसऱ्या दिवशी टँकरला आमच्या आळीचा नंबर होता. नदी पन्नास पावलांवर होती. तिकडे तिनं नुसतं मान वळवून पाहिलं.

मावशीच्या परड्यात नळ होता. संध्याकाळी मावशी देवळात गेली असताना नळ आला आणि मी एकटीच घरात. मग मी काय करणार? हंडा भरला, कळशी भरली, बादली भरली. तरी पाणी येतच होतं. पातेली भरली, पेले भरले, वाट्या भरल्या. आप्पांचा, म्हणजे मावशीच्या नवऱ्याचा, कारखान्यावर न्यायचा जेवणाचा डबा होता, त्याचे तिन्ही कप्पे भरले. मावशी आली तर तिला चहा करायला कोरडं भांडं म्हणून घरात नाही.

"आगं बया, ह्ये काय केलंस?"

"नळ गेला तर?"

"नळ गेला तर नदी हाय की गं दारात!" मावशी म्हणाली आणि उंबऱ्यावर बसून हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं पदरानं पुसलं. रात्रीच्या जेवणाआधी ही गोष्ट सगळ्या गल्लीला कळली होती. मी मात्र एकेक वाटी पिऊन संपवत होते, कारण ओतून देणं मला जमणार नव्हतं.

आप्पा साखर कारखान्यात हंगामी कामाला. गाळप संपलं की ते घरी. त्या दिवसांत गल्लीतल्या पोरांना पोहायला शिकवणं हा त्यांचा खरा हंगाम. त्यांच्या पडवीत वाशाला पाच-सहा मोठे कडू भोपळे टांगलेले असत, वाळून लाकडासारखे टणक झालेले. त्यातला एक पाठीला दोरीनं बांधला की पोर बुडत नाही, आणि हातपाय मारायला मोकळं राहतं. ज्याचा भोपळा त्याचाच. आणि पोर भोपळ्याशिवाय नदीच्या मधल्या खडकापर्यंत जाऊन आलं की आप्पा त्या भोपळ्याचं तोंड कापत. मग तो पोहायच्या कामाचा राहत नाही, त्यात बियाणं भरून ठेवायचं. पोरगी असेल तर तो भोपळा तिच्याबरोबर सासरी जातो. त्या आळीची ही जुनी रीत.

"ह्यो तुझा," पहिल्याच दिवशी आप्पांनी एक भोपळा काढून माझ्या हातात दिला. हलवला तर आत बिया वाजल्या.

सकाळी उठून घाटावर जायचं. पाठीमागे गाव, समोर पाणी. डावीकडून कृष्णा येते, उजवीकडून कोयना, आणि दोघी अगदी समोरासमोर भेटून पुढे निघून जातात. ऊन सरळ डोळ्यांवर यायचं. बायका धुणं आपटत, कुणी नुसतेच पायरीवर बसून दात घासत, म्हशी मानेपर्यंत पाण्यात. इतकं पाणी मी जन्मात पाहिलं नव्हतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला आनंद झाला नाही, राग आला. हे सगळं इथं कुणी राखत नाही, हंड्यावर झाकण नाही, आणि आमच्याकडे?

आप्पांनी भोपळा बांधला आणि म्हणाले, "चल, उतर." मी शेवटच्या कोरड्या पायरीवर उभी. पाय पुढे जाईना.

"भ्यायचं न्हाई. मी हाय की."

मी मान हलवली आणि तिथेच राहिले. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी माझ्याहून लहान पोरी भोपळे बांधून धपाधप उड्या मारत होत्या आणि मला चिडवत होत्या. मी तांब्या नेला होता. पायरीवर बसून नदीतून एक तांब्या भरून घेतला, पाण्यापासून लांब, वरच्या पायरीवर जाऊन अंघोळ केली आणि फ्रॉक पिळला. पलीकडची धुणं धुणारी बाई हातातलं धोपटणं थांबवून बघत होती.

चौथ्या दिवशी आप्पा माझ्या शेजारी पायरीवर बसले. चिडले नव्हते. म्हणाले, "पोरी, तुला पाण्याचं भ्या वाटत न्हाई. भ्यालेलं पोर मी वळखतो. मग काय हुतंय?"

मी फ्रॉकच्या काठाला पीळ घातला. मग म्हणाले, "आवं आप्पा, हे पाणी पितात न्हवं? पिण्याच्या पाण्यात पाय कसा घालायचा?"

आप्पा हसतील असं मला वाटलं होतं. ते हसले नाहीत. मिशीवरून हात फिरवत नदीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आईच्या मांडीवर पाय पडतो का न्हाई पोराचा? आई काय पोराला टाकून देती? फकस्त आदी इचारायचं." त्यांनी वाकून ओंजळीत पाणी घेतलं, डोळ्यांना लावलं, कपाळाला लावलं. "माई, पाय लावतो गं, असं म्हणायचं. मग खुशाल लाव."

मी तसं केलं. मग पाय घातला. कृष्णेचं पाणी कोमट होतं. थोडं पुढे, जिथे कोयना मिसळते तिथे, पोटाला एकदम गार लागलं आणि मी किंचाळले. आज इतक्या वर्षांनी मला त्या गारव्याची जागासुद्धा सांगता येईल. पाण्यात पाय टाकण्याआधी मी अजून डोळ्यांना पाणी लावते. एकदा सहलीला स्विमिंग पूलवर तसं केलं, तर मुली खो खो हसल्या. हसू देत.

मग ती सुट्टी खरी सुरू झाली. सकाळभर पाणी. दुपारी परड्यात मावशीच्या कुरडया, आणि त्या आधी वाटीभर गरम चीक, दूध-साखर घालून. सांजच्याला घाटावर कागदात भेळ, तिच्यातली कैरी मी शेवटी ठेवायची. पलीकडच्या वाळूत कुणीतरी काकड्यांचे वेल लावले होते, त्या काकड्या वाळूत पुरून ठेवल्या की गार होत. केसांना सदानकदा नदीचा वास. बोटांची टोकं सुकलेल्या मनुकांसारखी झालेली. दिवसातून कितीदा तरी मला आईची आठवण यायची आणि लगेच वाईट वाटायचं की ती आता रांगेत हंडा घेऊन उभी असेल. एवढ्या सुखात मन रमवून घ्यायचीही मला चोरी वाटत होती. सुट्टी म्हटली की बाकीच्यांना नुसती मजा आठवते, मला मजेच्या पोटातली ही टोचणी आधी आठवते.

आणि त्यातच ते कानावर आलं. मावशी शेजारणीबरोबर कुरडया घालत होती, मी पडवीत आडवी पडले होते. मावशी म्हणाली, "पोरगी रमली म्हंजी हितंच ठिऊन घ्यायची. इंदीचं आन् माझं ठरलंय. शाळेत नाव घालायचं. बघू, पोहायला शिकली की रमली म्हणायचं."

इंदी म्हणजे माझी आई. मी उठून बसले. सुट्टी नव्हतीच ही. आईनं मला देऊन टाकलं होतं. का, ते मला तिथल्या तिथे कळलं, म्हणजे मला तसं वाटलं. घरात एक माणूस कमी म्हणजे रोजची एक कळशी कमी. मी पडवीत बसून हिशेब करत राहिले की मी दिवसाला किती पाणी पिते आणि त्यातलं किती कमी करता येईल.

त्या दिवसापासून माझी प्रगती थांबली. खरं तर तोवर मी शिकले होते. पण भोपळ्याचं तोंड कापलं की मी रमले, आणि रमले की राहिले. तेव्हा भोपळा कापू द्यायचाच नाही असं मी ठरवलं. रोज भोपळा बांधून उतरायची आणि चार हात मारले की मुद्दाम नाकातोंडात पाणी घेऊन खोकायची. आप्पा म्हणायचे, "हुईल, हुईल. घाई न्हाई." इतक्या भल्या माणसाला फसवतेय याचंही वाईट वाटायचं. पण आई जास्त हवी होती.

मेच्या अखेरीला आई आली. एसटीतून उतरून सरळ घाटावर. हातात पिशवी, तोंड धुळीनं माखलेलं, महिन्यात आणखी काळी पडलेली. मी पाण्यात होते. तिला पाहिल्यावर सगळं विसरून मी तिच्याकडे हात मारत निघाले आणि पायरीला लागले. आई माझ्याकडे बघत नव्हती, माझ्या पाठीकडे बघत होती.

"दोरी ढिली हाय तुझी," ती म्हणाली. "भोपळा नुसता मागनं तरंगतोय. तू शिकलीस की गं. आप्पांना का फशिवतीस?"

इतके दिवस साठवलेलं सगळं बाहेर आलं. मी रडत रडत म्हणाले, "आई, मला घरी ने. मी अर्ध्याच तांब्यात आंगूळ करीन. पाणी पण लय पिनार न्हाई. दुपारचं एकदाच पिईन. पण मला घरी ने."

आईचं तोंड कसं झालं ते मला लिहिता येत नाही.  तिनं पिशवी धुणं घेऊन घाटावर आलेल्या मावशीच्या हातात दिली, कासोटा घट्ट खोचला, वाकून डोळ्यांना पाणी लावलं आणि पायऱ्या उतरत उतरत सरळ पाण्यात गेली. मला वाटलं, आई बुडाली. मी ओरडले. आप्पांनी माझा दंड धरला आणि म्हणाले, "गप. बघ नुसती."

आई वर आली ती खूप लांब, कोयनेच्या गार पाण्यात. तिथून ती जी निघाली ती मधल्या खडकाला हात लावून, वळून, पलीकडच्या वाळूपर्यंत. पाण्याचा आवाजसुद्धा नाही. माझ्या आईला पोहता येतं हे मला माहीतच नव्हतं. बारा वर्षं मी तिला फक्त पाणी वाहताना पाहिलं होतं.

परत येऊन ती माझ्याजवळ पायरीवर बसली. अंगावरून पाणी गळत होतं आणि एका थेंबाकडेही तिचं लक्ष नव्हतं. म्हणाली, "पाण्यासाठी न्हाई धाडली तुला. तू दिसाला शंभर घागरी प्यालीस तरी मी आणीन. आपल्या गावात सातवीच्या म्होरं शाळा न्हाई, हंडा हाय. म्हणून धाडली." मग थोडं थांबून, "मला हितनं उचलून तिकडं दिली तवा कुणी इचारलं न्हाई. तुला मी इचारती. ऱ्हातीस का येतीस? येती म्हनलीस तर आत्ताच्या गाडीनं नेती."

मी तिच्या लुगड्याचं ओलं टोक धरून बसले होते. एकाएकी मला ती खाच आठवली.

"आई, आपल्या चुलीवरचा भोपळा..."

"व्हय," आई म्हणाली. "त्योच. आप्पांच्या वडलांनी कापला हुता."

आमच्या त्या कोरड्या घरात, धुरात, बियाणं पोटात घेऊन आईची नदी इतकी वर्षं टांगलेली होती आणि मी तिच्याखाली बसून भाकरी खात होते. मला तेव्हा हे असं शब्दांत सुचलं नसणार. मी एवढंच केलं, की पाठीमागे हात नेऊन दोरीची गाठ सोडली आणि भोपळा आप्पांच्या हातात दिला. मग मधल्या खडकाला हात लावून आले. आई काठावर उभी राहून मोठमोठ्यानं हसत होती.

मी राहिले. शाळा झाली, डी.एड. झालं, नोकरी लागून सांगलीला आले, नदीच्या काठाकाठानंच खाली सरकत. माझा भोपळा आता माझ्या स्वयंपाकघरात आहे, त्यात मी मेथ्या ठेवते. गॅसला धूर नसल्यामुळे त्यांना कीड लागते, ती गोष्ट वेगळी. आप्पा गेले, मग मावशीही गेली. आई दोन्ही वेळा कराडला आली होती, पण अशा येण्यात कुणी पोहत नाही. मी वर्षानुवर्षं तिला म्हणायची, सांगलीला ये, घाटावर जाऊ. तिचं ठरलेलं उत्तर, "शेरडं कोन बघंल?" आईनं मला नदी दिली आणि आपण हंड्याकडे परत गेली, हे माझ्या मनातून कधी गेलं नाही. मी टाकीवाली बाई झाले ती यामुळेही असेल.

मागच्या आठवड्यात दोरी घेऊन गावी गेले. परड्यात कडू भोपळ्याचा वेल होता. आप्पांच्या भोपळ्यातलं बी आईनं त्या उन्हाळ्यात आणून लावलं होतं आणि दर वर्षी अंघोळीच्या पाण्यावर वेल जगवून ती एक भोपळा वाळवून ठेवते. कशासाठी, हे मी कधी विचारलं नव्हतं. पोहायला पाणी कुठे होतं?

तळ्यावर सकाळी गेलो, आई आणि मी दोघीच. बोडक्या माळाच्या मधोमध एवढं पाणी बघून मलाच परकं वाटत होतं. मी तिच्या पाठीला भोपळा बांधला. ती म्हणाली, "घट बांध. आता जीव न्हाई अंगात." मी घट्ट बांधला आणि दोरीचं लांब टोक माझ्या मनगटाला गुंडाळून घेतलं, कारण मला तिच्या गुडघ्यांची खात्री नव्हती. काठी टेकत ती पाण्याच्या कडेपर्यंत गेली आणि तिथे थांबली. मी वाट बघितली. ती हलेना.

"भ्या वाटतंय का?"

"न्हाई गं." आई पाण्याकडे बघत होती. "गाव पितंय ह्ये पाणी. ह्यात पाय कसा घालू?"

मी तिच्या तोंडाकडे बघितलं. कृष्णेत बिनआवाज पोहणारी हीच ती.  या माळानं तिला चव्वेचाळीस वर्षांत कुठून कुठे आणून ठेवलं होतं.

"आदी इचार," मी म्हटलं. "मग लाव."

आई वाकली. गुडघे कुरकुरले. तिनं ओंजळ भरून डोळ्यांना लावली, कपाळाला लावली, पुटपुटत काहीतरी म्हणाली. मग काठी माझ्या हातात दिली आणि एक पाय पाण्यात ठेवला, मग दुसरा. कमरेइतक्या पाण्यात गेल्यावर तिनं अंग पुढे टाकलं. मी मनगटावरची दोरी सोडत सोडत काठानं चालले. दहा हात गेली, वीस हात गेली. मी दोरी ओढून बघितली, भोपळ्यावर तिचा भार आहे का.

नव्हता. पाण्यात गाठ ढिली झाली होती. भोपळा नुसता मागनं तरंगत चालला होता.